साक्रामेंतासमोर बसते, पण आत काहीच हलत नाही

एका वाचक भगिनीचं पत्र, थोडक्यात: वय सेहेचाळीस. सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आल्यापासून त्या तीन वर्षं अंथरुणाला खिळून आहेत. त्यांचं खाणंपिणं, कूस बदलणं, डायपर, औषधं बहुतेक या भगिनीच पाहतात. शिवाय नोकरी आहे. दीड वर्षापूर्वी एका मैत्रिणीच्या सांगण्यावरून त्यांनी दर गुरुवारी संध्याकाळी चर्चमध्ये पवित्र साक्रामेंताच्या, म्हणजे मिस्सा या उपासनेत ख्रिस्ताचं शरीर झालेल्या भाकरीच्या, आराधनेचा एक तास धरला. सुरुवातीचे काही महिने डोळे भरून यायचे, हलकं वाटायचं. आता मात्र सगळं कोरडं. रोझरी (जपमाळ), लितानी (नामावळीची प्रार्थना), नोव्हेना (नऊ दिवसांची प्रार्थना), सगळं म्हणून होतं, पण मन औषधांच्या यादीत असतं. घड्याळाकडे नजर जाते, कधी चक्क डुलकी लागते. बाकीचे लोक तृप्त चेहऱ्याने बाहेर पडतात, आपण रिकाम्याच परततो, असं त्या लिहितात. प्रार्थना गटातल्या एकीने सांगितलं, "मनात कुठेतरी पाप अडलेलं असेल, म्हणून कृपा वाहत नाही." इकडे पतीचं म्हणणं, "देव आईच्या खाटेवर आहे. तिची सेवा हीच आराधना. तासभर तिथे बसून काय मिळतं तुला?" शेवटी त्यांनी विचारलंय: "मी आराधना सोडून द्यावी का? गुरुवारी रात्री तेवढा माझा सासूबाईंवर आवाज चढत नाही, बाकी काही फरक नाही. प्रभूकडून ताकद घ्यायची म्हणतात, ती घ्यायची तरी कशी?"

प्रिय ताई,

तुमच्या पत्राला लगेच उत्तर लिहायला बसले नाही. दोन दिवस ते तसंच जवळ ठेवलं. तीन वर्षं रात्री अर्ध्या झोपेत काढणाऱ्या बाईला कुणी तरी "पाप अडलंय" म्हणून सांगावं, याचा मला आधी राग आला, आणि रागात सल्ला लिहू नये.

तेव्हा आधी तेच निकालात काढू. प्रार्थनेतला कोरडेपणा कुठून येतो, याचा विचार संत इग्नेशियस लोयोला यांनी जितका बारकाईने केला तितका फार थोड्यांनी केला असेल. त्यांनी त्याची तीन कारणं दिली आहेत. एक, आपलाच आळस किंवा हलगर्जीपणा. दुसरं, गोडवा मिळत नसतानाही आपण कुठवर टिकतो, हे आपल्याला कळावं म्हणून. तिसरं, प्रार्थनेतला आनंद ही आपली कमाई नसून निव्वळ देणगी आहे, हे उमजावं म्हणून. तुमच्या गटातल्या भगिनीने तीनातलं एकच कारण उचललं आणि तेही तुमची रात्र न पाहता. एखादी ठरावीक गोष्ट तुमच्या मनाला खरोखर टोचत असेल तर कन्फेशनला, म्हणजे फादरांपुढे पापनिवेदनाला जा, सांगून मोकळ्या व्हा. पण टोचत काहीच नसताना मन उकरत बसू नका. उकरलं की माती निघतेच, प्रत्येकाच्या मनात निघते, आणि मग आराधनेचा तास स्वतःच्या झाडाझडतीत जातो.

आता तुमच्या प्रश्नातल्या एका शब्दाबद्दल. तुम्ही विचारता, ताकद "घ्यायची" कशी. सुरुवातीला रडू यायचं, हलकं वाटायचं, ती ताकद होती आणि आता ती बंद झाली, असा तुमचा हिशेब दिसतो. तो मला पटत नाही. त्या अश्रूंना मी खोटं म्हणणार नाही, ती प्रभूचीच देणगी होती. पण हलकं वाटणं वेगळं आणि बळ येणं वेगळं. जेवताना चव लागते. बळ मात्र नंतर, काम करताना, अंगात असतं आणि त्या वेळी ते जाणवतही नाही. तापात तोंडाला चव नसते, तरी घासभर अन्न पोटात गेलं की अंगाला लागतंच. एलियाची गोष्ट आठवा. राजांच्या पहिल्या पुस्तकातला एकोणिसावा अध्याय. तो थकून झुडपाखाली पडला आणि म्हणाला, पुरे झालं, माझा जीव घे. देवदूताने त्याला काय दिलं? भाकर, पाणी आणि झोप, तेही दोनदा. दर्शन त्या झुडपाखाली झालं नाही. त्या अन्नाच्या बळावर तो चाळीस दिवस आणि चाळीस रात्री चालला आणि मग कुठे होरेब डोंगरावर तो मंद, हळुवार आवाज त्याच्या कानी पडला. खाल्ल्याबरोबर त्याला काही विशेष वाटलं, असं तिथे कुठेही लिहिलेलं नाही.

आणि आता तुमचं ते वाक्य, जे तुम्ही जाता जाता लिहून टाकलंत. "गुरुवारी रात्री तेवढा माझा आवाज चढत नाही, बाकी काही फरक नाही." ताई, ज्या वृद्ध बाईला स्वतःहून कूस बदलता येत नाही, तिच्या जागी क्षणभर जाऊन बघा. आठवड्यातल्या एका रात्री आपल्याला उचलणारे हात चिडलेले नसतात, हा फरक तिच्यासाठी केवढा असेल! तुम्ही फरक स्वतःच्या मनात शोधत होतात, तो तिच्या खाटेपाशी उमटत होता. मी याला चमत्कार म्हणणार नाही आणि "बघा, आराधना लागू पडली" असंही म्हणणार नाही. औषधाच्या मात्रेसारखा तिचा हिशेब मांडायला लागलो, तर एखाद्या गुरुवारी आवाज चढला की पुन्हा सगळं फोल वाटेल. एवढंच म्हणते की काहीच हलत नाही, हे तुमचं विधान तुमच्याच पत्राने खोडलंय.

घड्याळ बघण्याची आणि डुलकीची तुम्हाला फार लाज वाटते आहे. आविलाच्या संत तेरेजांना चर्चने 1970 मध्ये धर्मपंडिताची पदवी दिली, तीही प्रार्थनेबद्दलच्या त्यांच्या शिकवणीसाठी. त्याच तेरेजांनी आत्मचरित्रात प्रांजळपणे लिहून ठेवलंय की कित्येक वर्षं प्रार्थनेच्या तासाला बसल्यावर तो तास कधी संपतो आणि घड्याळाचा ठोका कधी पडतो, याकडेच त्यांचं लक्ष असायचं. लिस्यूच्या छोट्या संत तेरेजेला प्रार्थनेत आणि कम्युनियननंतर, म्हणजे ख्रिस्तशरीर घेतल्यावर, आभार मानताना झोप लागायची. तिने त्याचं दुःख करणं सोडून दिलं. लेकरू जागं असो की झोपलेलं, आईबापांना ते सारखंच प्रिय असतं, असं तिने लिहिलंय, आणि शस्त्रक्रिया करण्याआधी डॉक्टरही रोग्याला झोपवतातच की, हेही. चोवीस वर्षं जगलेल्या मुलीला हे सुचलं. मदर तेरेसा यांची खासगी पत्रं 2007 मध्ये प्रसिद्ध झाली तेव्हा जगाला कळलं की जी बाई रोज साक्रामेंतासमोर गुडघे टेकत होती, तिच्या आत कित्येक दशकं अंधार होता. ही नावं मी तुम्हाला तुम्हीही संत आहात असं चुचकारायला सांगत नाही. ज्या रस्त्यावर तुम्ही एकट्या आहात असं तुम्हाला वाटतंय, तिथे बरीच गर्दी आहे, एवढंच दाखवायचंय.

तुमच्या पतीच्या बोलण्याकडे वळते. ते रागाने म्हणाले असतील, पण त्यांचं म्हणणं हलकं नाही. मत्तयच्या शुभवर्तमानाचा पंचविसावा अध्याय त्यांच्या बाजूने आहे: मी आजारी होतो आणि तुम्ही माझी काळजी घेतली. संत योहान ख्रिसोस्तम यांनी चौथ्या शतकात आपल्या लोकांना बजावलं होतं की चर्चमध्ये ख्रिस्ताला रेशमी वस्त्रांनी सजवायचं आणि बाहेर थंडीत कुडकुडणाऱ्या ख्रिस्ताकडे पाठ फिरवायची, हे चालणार नाही. तेव्हा "देव आईच्या खाटेवर आहे" या वाक्याशी तुम्ही भांडू नका. ते खरं आहे.

फक्त त्यातून त्यांनी काढलेला निष्कर्ष मला चुकीचा वाटतो. खाट आणि वेदी यांच्यात निवड करायची आहे, असं ते धरून चालले आहेत, आणि तुम्हीही मनातून तेच धरून चालला आहात. म्हणून चर्चमध्ये बसलात की घरचा अपराध वाटतो आणि घरी असलात की चर्चचा. याबाबतीत मला एक जुनी गोष्ट सांगावीशी वाटते, जी आपल्यातल्या पुष्कळांना ठाऊक नसते.

मिस्सा झाल्यावर ख्रिस्तशरीर राखून ठेवण्याची प्रथा सुरू झाली कशासाठी? आराधनेसाठी सुरू झालेली नाही. दुसऱ्या शतकात, साधारण 155 च्या सुमारास, संत जस्टिन यांनी ख्रिस्ती लोकांच्या रविवारच्या उपासनेचं वर्णन केलं आहे. त्यात ते म्हणतात की जे येऊ शकले नाहीत त्यांच्याकडे डीकन (चर्चचे नेमलेले सेवक) तो प्रसाद घेऊन जात. पुढे तो आजाऱ्यांसाठी, मरणाच्या दारात असलेल्यांसाठी राखून ठेवला जाऊ लागला. जो तिथे राखून ठेवलेला आहे तो स्वतः प्रभू आहे, मग त्याच्यासमोरून आपण नुसतं निघून कसं जावं, या जाणिवेतून हळूहळू आराधना वाढली. 1264 मध्ये पोप चौथे अर्बन यांनी ख्रिस्तशरीराचा सण सगळ्या चर्चसाठी लावून दिला, तो त्यानंतर कितीतरी शतकांनी. आणि दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर 1967 साली रोमने दिलेल्या सूचनापत्रातही हाच क्रम नोंदवला आहे: मिस्साबाहेर साक्रामेंत राखून ठेवण्याचा पहिला आणि मूळ हेतू मरणासन्नांना अखेरचं कम्युनियन देता यावं हा, आणि कम्युनियन वाटणं व आराधना हे त्यानंतरचे.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. ज्या टॅबरनॅकलसमोर, म्हणजे साक्रामेंत राखून ठेवण्याच्या पेटीसमोर, तुम्ही गुरुवारी बसता, ते मुळात तुमच्या सासूबाईंसारख्यांसाठी आहे. तो लाल दिवा जळतो तो आधी त्यांच्या नावाने. तुम्ही त्यांना घरी टाकून प्रभूकडे जात नाही. ज्या भाकरीवर अंथरुणातल्या माणसाचा पहिला हक्क आहे, तिच्यासमोर त्या माणसाची काळजी घेणारी म्हणून तुम्ही जाऊन बसता. हे मला उमगलं तेव्हा चर्चमध्ये आत शिरताना पाय दारात अडखळणं माझ्यापुरतं तरी थांबलं.

मग आता तासभर करायचं काय?

तुमच्या पत्रात एका गोष्टीचा उल्लेखच नाही, आणि ती मला खटकली. रोझरी म्हणता, लितानी म्हणता, नोव्हेना म्हणता. पण तुम्ही प्रभूशी बोलता काय, ते कुठेच आलेलं नाही. तीन वर्षांत "मला हे नको आहे" असं एकदा तरी त्याला म्हणालात का? मी म्हणाले नव्हते. माझे वडील दोन वर्षं अंथरुणाला खिळून होते. त्या काळात मी शेवटच्या बाकावर बसून पुस्तकातल्या सुंदर सुंदर प्रार्थना वाचायचे आणि कोरडी ठणठणीत परतायचे. एका संध्याकाळी पुस्तक घरीच राहिलं. दुसरं काही हाताशी नव्हतं म्हणून मनात जे होतं तेच बाहेर आलं, आणि ते अजिबात सुंदर नव्हतं. वडील लवकर जावेत असं मला वाटत होतं. हे मी देवाला सांगत नव्हते, कारण ते त्याला सांगण्यासारखं नाही असं मी ठरवून टाकलं होतं. सांगून टाकल्यावर काही दिव्य घडलं नाही. पण त्या दिवसापासून तिथे बसणारी बाई मीच होते, माझ्या नावाने दुसरी कुणी नव्हती.

म्हणून माझं पहिलं सांगणं: या गुरुवारी नोव्हेनाचं पुस्तक पिशवीत राहू द्या. स्तोत्रसंहिता न्या आणि तेरावं स्तोत्र काढा. "हे परमेश्वरा, कोठवर?" असं ते सुरू होतं, आणि कोठवर हा प्रश्न त्यात पुन्हा पुन्हा येतो. तुमचाही तोच प्रश्न आहे. तो विचारणं पाप नाही, चर्च आपल्या रोजच्या प्रार्थनेत तो विचारते. त्याहून काळोखं काही हवं असेल तर अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र आहे. ते अंधारातच संपतं, शेवटी एकही आशेची ओळ नाही, तरी पवित्र शास्त्रात त्याला जागा आहे. हळू वाचा. जिथे घसा दाटेल किंवा राग येईल तिथे थांबा. पुढे जायची घाई नाही, पूर्ण करायचं असं काही नाही.

औषधांची यादी मनात येते म्हणता, तर येऊ द्या. तिला हाकलत बसू नका. ती यादी म्हणजेच तुमचं आयुष्य आहे. एकेक औषध, एकेक काम प्रभूसमोर ठेवत चला: ही रक्तदाबाची गोळी, ही पाठीवरची जखम, ही रजा मिळेल की नाही याची धास्ती. वेदीवर भाकर ठेवतात ती कुणी तरी राबून पिकवलेल्या गव्हाचीच असते. मिस्सामध्ये ती अर्पण करताना आपण तिला मानवी श्रमाचं फळ म्हणतो. तुमचे श्रमही तिथे चालतात.

रोझरीवर तुमचं मन स्थिर होत असेल तर ती जरूर म्हणा, साक्रामेंतासमोर ती म्हणायला कसलीही आडकाठी नाही. फक्त शांततेची भीती वाटते म्हणून तिने तास भरून काढू नका. शेवटची दहा मिनिटं तरी काहीही न म्हणता बसा. आर्स गावच्या त्या शेतकऱ्याची गोष्ट तुम्ही प्रवचनात ऐकली असेल. तिथले धर्मगुरू संत जॉन मेरी व्हियानी यांनी त्याला विचारलं, इतका वेळ बसून काय करतोस? तो म्हणाला, "मी त्याच्याकडे पाहतो आणि तो माझ्याकडे पाहतो." आपण या वाक्याचा पहिला अर्धा भागच मनावर घेतो आणि मग आपलं पाहणं किती एकाग्र आहे, ते मोजत बसतो. थकलेल्या माणसाने दुसऱ्या अर्ध्या भागावर टेकून बसावं. तुमच्याने पाहवत नसेल, डोळे मिटत असतील, तरी तो पाहतोच आहे. दिवसभर तुम्ही कुणाला तरी न्याहाळत असता, श्वास नीट चालतोय ना, ताप नाही ना. आठवड्यातून एक तास कुणी तरी तुम्हाला न्याहाळू दे.

गुडघे दुखत असतील तर बसा. सवयीने गुडघ्यांवर राहून कंबर धरली, तर रात्री सासूबाईंना उचलणार कोण? तास झेपत नसेल तर अर्धा तास करा, ती हार नव्हे. मात्र तिथे एक पथ्य पाळा, आणि हे इतर वाचकांसाठीही सांगते. वेळ कमी करायची की आराधना सोडायची, हा निर्णय चर्चमध्ये कंटाळा आलेला असताना घेऊ नका. इग्नेशियस यांचा यावरचा नियम स्पष्ट आहे: मन उदास असताना आधीचा निश्चय बदलायचा नाही. उलट अशा दिवशी ठरल्यापेक्षा थोडं जास्तच थांबा, असं ते सांगतात. तुमच्यासाठी ते दोन मिनिटं असू देत. घरी, झोप झाल्यावर, एखाद्या सकाळी ठरवा, आणि शक्य असेल तर फादरांशी किंवा एखाद्या समजूतदार सिस्टरशी बोलून ठरवा. तुमचा तास नोंदवलेला असेल आणि त्या वेळी तिथे दुसरं कुणी नसेल, तर साक्रामेंत उघडं ठेवून निघून येऊ नका. आधी कळवा, बदली माणूस मिळतो.

काही वाचकांना हा एक तासही मिळत नसेल. लहान मूल आहे, रात्रपाळी आहे, चर्च लांब आहे, किंवा पाय घराबाहेर पडू शकत नाहीत. त्यांना मी कार्डिनल व्हॅन थुआन यांची आठवण देईन. व्हिएतनामच्या या बिशपांना 1975 मध्ये अटक झाली आणि पुढे तेरा वर्षं त्यांनी कैदेत काढली, त्यातली नऊ एकांतवासात. घरच्यांना पत्र लिहून त्यांनी पोटदुखीचं औषध मागितलं. घरच्यांना अर्थ कळला, औषधाच्या बाटलीतून द्राक्षारस आला. हाताच्या तळव्यावर द्राक्षारसाचे तीन थेंब आणि पाण्याचा एक थेंब घेऊन ते मिस्सा करत. छावणीत इतर कैदी सोबत असताना सिगारेटच्या पाकिटातल्या कागदाच्या पुड्या करून त्यात ते साक्रामेंत ठेवत, आणि कॅथोलिक कैदी रात्री आळीपाळीने आराधना करत. तिथे धूप नव्हता, मेणबत्त्या नव्हत्या, सोनेरी किरणांचं पात्र नव्हतं, गाणी नव्हती. म्हणून चर्चमध्ये जाता येत नाही त्या दिवशी, ज्या दिशेला चर्च आहे तिकडे तोंड करून दोन मिनिटं उभं राहणं ही फालतू गोष्ट समजू नका. "प्रभू, आत्ता मला तुझ्याकडे येता येत नाही, तूच ये" एवढं म्हटलं तरी पुरे. आध्यात्मिक कम्युनियन म्हणतात ते हेच, आणि संत आल्फॉन्सस लिग्वोरी यांनी अठराव्या शतकात साक्रामेंताच्या भेटीसाठी प्रार्थना लिहिल्या तेव्हा त्यात याला मानाची जागा दिली.

एक गोष्ट मला स्पष्ट लिहिलीच पाहिजे. डुलकी लागते, कशातच रस वाटत नाही, मन सुन्न झालंय, हे सगळं केवळ प्रार्थनेपुरतंच आहे का? की जेवण, टीव्ही, मैत्रिणी, मुलं, सगळ्याच बाबतीत असं झालंय? सगळीकडेच असेल, रात्री वेळ मिळूनही झोप येत नसेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर आधी डॉक्टरांकडे जा. दीर्घ काळ रुग्णसेवा करणाऱ्यांना नैराश्य येणं मुळीच दुर्मीळ नाही आणि त्याला उपचार आहेत. आराधना ही त्या उपचारांची जागा घेत नाही. डॉक्टरांकडे जाणं हा विश्वासाचा अभाव नव्हे. एलियाला देवदूताने आधी झोपू दिलं होतं, हे विसरू नका.

आणि पतीशी बोला. गुरुवारी निघण्याच्या घाईत नको, दुसऱ्या एखाद्या निवांत वेळी. "तुम्ही म्हणता ते खरं आहे, देव आईच्या खाटेवर आहे," इथून सुरुवात करा. मग त्यांना विचारा की त्या खाटेवरच्या देवाजवळ आठवड्यातून एक तास ते बसतील का, एकटे, मोबाईल बाजूला ठेवून. तुम्ही चर्चमध्ये असाल त्याच वेळी. हे मी कोपरखळी म्हणून सुचवत नाही. कदाचित त्यांनाही आईजवळ बसायचं असेल आणि तुम्ही सगळं इतकं नीट करता की त्यांना तिथे जागाच उरलेली नसेल. घरात असं होतं. आईला त्या अवस्थेत बघवत नाही म्हणून मुलगा लांब राहतो आणि मग लांब राहिल्याचा सल रागातून बाहेर येतो. मदर तेरेसांच्या सिस्टर्स 1973 पासून रोज एक तास आराधना करतात. मरणासन्नांच्या सेवेचं काम त्यांच्याइतकं कुणाकडे असेल? तरी तो तास त्यांनी कामातूनच काढला, काम संपल्यावर नाही, कारण ते काम संपणारं नव्हतंच. हे पतींना सांगून बघा, पण वादात मुद्दा म्हणून वापरू नका. आराधना नवऱ्याला गप्प करण्याचं साधन झाली की ती आराधना राहत नाही.

शेवटचं सांगणं सासूबाईंबद्दल. त्यांना घरी कम्युनियन मिळतं का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. मिळत नसेल तर या गुरुवारी चर्चमधून बाहेर पडताना फादरांना गाठा आणि विचारा. फादर स्वतः येतील किंवा नेमलेल्या सेवकाला पाठवतील. सासूबाईंना गिळताना त्रास होत असेल तर तेही आधी सांगा, अगदी लहानसा तुकडा देता येतो, आणि घन काहीच जात नसेल तर थोडासा पवित्र द्राक्षारस देण्याचीही चर्चमध्ये सोय आहे. खाटेजवळ एक छोटं टेबल, त्यावर स्वच्छ पांढरं कापड, एक मेणबत्ती आणि पेल्यात थोडं पाणी ठेवा. त्या दिवशी पतींनाही घरी थांबायला सांगा.

आणि तुम्ही स्वतःही तेव्हा त्यांच्यासोबत कम्युनियन घ्या. कम्युनियनआधी तासभर काही खायचं नाही, हा नियम तुम्हाला ठाऊक आहे. पण चर्चच्या कायद्याने वृद्धांना आणि आजाऱ्यांना त्यातून मोकळीक दिली आहे, आणि त्याच कलमात आणखी तीन शब्द आहेत: "त्यांची काळजी घेणारे". ज्यांनी तो नियम लिहिला त्यांच्या मनात तुम्ही होतात, ताई. सासूबाईंना भरवून झाल्यावर उभ्या उभ्या चहाचा घोट घेतलेला असला, तरी चालेल.

तुमची,
सदर लेखिका